प्रमाणपत्र की अडलेली ओळ?

प्रश्न : बाई, मी नाशिक रोडला राहतो. तत्त्वज्ञानात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गाला नेमाने येणारे आम्ही तिघंच. पुढं पीएच.डी. करायचीय. पुण्या-मुंबईतल्या कार्यशाळांची पत्रकं येतात, पण शुल्क, प्रवास, राहणं धरलं की खर्च अंगावर येतो. त्यात प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा जवळ आलीय. जावं का? इथंच अभ्यासगट काढला, तर मार्गदर्शक कुठून आणायचा?

उत्तर : भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषद कार्यशाळांना अनुदान देते. तेव्हा राहणं-जेवण त्यातून भागतंय का, ती ओळ पत्रकात आधी शोधा. शुल्क भरा नि प्रमाणपत्र न्या, अशा एकदिवसीय प्रकाराला मी तरी जाणार नाही. शाल-श्रीफळात दुपार होते आणि निबंध वाचणाऱ्या पोरांना मिळतात दहा मिनिटं.

जिथं ग्रंथ उघडून बसतात, तिथं मात्र उधारी करून जा. १९८३ साली पुण्यात मे. पुं. रेगे, दया कृष्ण वगैरे तत्त्वचिंतकांनी शास्त्री-पंडित आणि विद्यापीठातले तत्त्वज्ञ समोरासमोर बसवले होते. इंग्रज तत्त्वज्ञ रसेलची विधानाची (प्रपोझिशनची) कल्पना संस्कृतात मांडली आणि पंडितांना विचारलं, यावर तुमचं म्हणणं काय? अशा बैठकीत डुलकी काढायची सोय नसते! आणि पुणंच कशाला? प्रताप शेठजींचं तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाची अभ्याससंस्था, आपल्या खानदेशात, अमळनेरला आहे. साने गुरुजीही तिथं शिकायला होते. एकदा जाऊन या.

गटाला मार्गदर्शक नसला तरी चालेल, ग्रंथ हवा. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ घ्या, न्यायदर्शनाची, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राची, तोंडओळख करून देणारा. छोटा आहे, पण दमवतो. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ लावायचा, तिसऱ्यानं फक्त अडवायचं. अडवणारा दर आठवड्याला बदला, नाहीतर त्याला चटक लागते. उदाहरणार्थ, धुरावरून अग्नीचं अनुमान होतं, मग अग्नीवरून धुराचं का नाही? शास्त्री तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याकडे बोट दाखवतात : अग्नी आहे, धूर नाही. मग धुराला अग्नीखेरीज आणखी काय लागतं? ओलं सरपण, असं उत्तर ग्रंथात मिळेल. पण त्याआधी तिघांनी तासभर भांडा. सातपूरला भट्टीवर काम करणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्यालाही विचारा.

पुस्तकं १८४० पासूनच्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बघा, वाद मात्र बाहेर घाला. जे सुटलं नाही ते वहीत लिहा. कार्यशाळेला ती वही न्या आणि चहाच्या सुट्टीत वक्त्याला गाठा. सत्रानंतरच्या ‘काही प्रश्न?’पेक्षा तिथं जास्त पदरात पडतं.

नेट अगदी तोंडावर असेल, तर यंदा पुणं राहू द्या. गट सोडू नका. न्यायदर्शन नेटलाही आहेच.