छातीला पट्टा लावायलाच हवा का? मनगटावरचं रनिंग वॉच पुरेसं नाही का?

तुमचा प्रश्न वाचला. बेळगावात पहाटे पळता, हाफ मॅरेथॉनची तयारी चाललीय, जीपीएस आणि हार्ट रेट दोन्ही असलेलं घड्याळ घ्यायचंय, आणि ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितलंय की ठोके मोजणारा छातीचा पट्टा आता जुना झाला, मनगटावरचं पुरे. कुठलं घड्याळ ते पुढे सांगते, आधी पट्ट्याचं बोलू. ज्यांनी हे सांगितलं त्यांचं साफ चुकलंय. ठोके बघून वेग ठरवणार असाल तर पट्टा हवाच. नुसते किलोमीटर मोजायचे असतील तर नको.

मी वडगावात राहते, माहेर येळ्ळूरचं. पळायला लागले ती चाळिशी उलटल्यावर. आमचा नेहमीचा रस्ता येळ्ळूर रोड, आणि रविवारी पुढे राजहंसगडापर्यंत. डिसेंबरात पहाटे त्या रस्त्याला दोन्ही बाजूंच्या शिवारातून असा गारठा येतो की बोटं वाकत नाहीत. अशाच एका रविवारी मी आणि मैत्रीण गप्पा मारत, अगदी सावकाश पळत होतो. मुलीच्या लग्नाच्या याद्यांपासून सगळे विषय झाले, कुणालाच धाप नव्हती. घड्याळ मात्र पहिल्या किलोमीटरपासून मिनिटाला १७४ ठोके दाखवत होतं.

आमच्या ग्रुपात एक ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. ॲपवर माझा ग्राफ बघून त्यांनी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, ‘२२० वजा वय ४६, म्हणजे जास्तीत जास्त ठोके १७४. वहिनी, तुमचं हृदय शंभर टक्क्यांवर चाललंय. ताबडतोब थांबा.’ तेवढ्यावर भागलं नाही, आमच्या ह्यांना फोन केला. सासूबाईंना आयतंच निमित्त मिळालं, ‘हे काय पळायचं वय आहे?’ माझे शूज माळ्यावर गेले. पुढे इथल्याच एका दवाखान्यात स्ट्रेस टेस्ट झाली. ट्रेडमिलवर चढ वाढवत वाढवत नेलं, शेवटी रिपोर्ट नॉर्मल. यंत्रावरच्या बाई तारा काढता काढता म्हणाल्या, ‘एनिल्ल बिड्री, ओड्री.’ काही नाही हो, पळा. सरांचं मत मात्र तसूभरही हललं नाही, म्हणे टेस्टमध्ये सगळं दिसत नसतं.

मला ते १७४ काही पटेना. माणूस शंभर टक्क्यांवर असताना लग्नाच्या याद्या सांगू शकत नाही. म्हणून शूज खाली काढले आणि पुन्हा त्याच रस्त्यावर गेले. मध्येच थांबले, लगेच मानेवर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजले. ३३ भरले, म्हणजे मिनिटाला १३२. घड्याळावर १७२! मग पळता पळता एक मिनिटभर फक्त उजवं पाऊल किती वेळा पडतं ते मोजलं. ८७. दुप्पट करा. १७४. घड्याळ माझ्या हृदयाचे ठोके मोजतच नव्हतं, पावलं मोजत होतं.

त्यानंतर मी पट्टा घेतला. छातीला पट्टा, तो फोनला जोडलेला, आणि मनगटावर तेच घड्याळ आपलं आपण मोजतंय, असं दोन्ही एकदम लावून राजहंसगडाकडे पळाले. सपाटीला पट्टा १३६, घड्याळ १७३. गडाच्या चढाला माझी पावलं मंदावली आणि श्वास फुलला. तिथे पट्टा चढत चढत १५८ वर गेला, घड्याळ मात्र उतरून १६४ वर आलं. चढावर हृदयाचे ठोके कमी होतात का कुणाचे? दोन्ही ग्राफ सरांना दाखवले. त्यांचं उत्तर, ‘पट्टा साधा आहे, घड्याळ ब्रँडेड आहे.’ यावर आमचं आजही जुळत नाही.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण दुकानात कुणी सांगत नाही. मनगटावरचं घड्याळ मागच्या हिरव्या दिव्यांनी कातडीत प्रकाश टाकतं. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, प्रत्येक ठोक्याला रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा प्रकाश बदलतो, त्यावरून ठोके काढतात. थंडीत कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, मग ही खूण फारच क्षीण होते. त्यात पळताना हात हलतो, प्रत्येक पावलाला हादरा बसतो, आणि सेन्सर तीच लय पकडतो. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात आणि जोरात पळताना ठोकेही त्याच घरात असतात. म्हणून आकडा खोटा आहे हे बघून कळत नाही, तो खराच वाटतो. पट्ट्याचं तसं नाही. तो ईसीजीसारखा हृदयाचा विद्युत संकेत थेट छातीवरून घेतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने बिनतारी पट्टा आणला १९८२ मध्ये. जुना आहे, हे खरंच. इतकी वर्षं खेळाडू आणि संशोधक त्यावर विसंबून आहेत, ते उगाच नाही.

आणि ते २२० वजा वय. ती सरासरी आहे हो, मर्यादा नव्हे. एकाच वयाच्या दोघांत दहाबारा ठोक्यांचा फरक सहज असतो. कुणाच्या घरी फोन करून शूज माळ्यावर टाकायला लावावेत असं त्यात काही नाही.

आता घड्याळ. बजेट तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा मी काय बघेन तेवढं सांगते. पहिलं म्हणजे घड्याळात स्वतःचा जीपीएस आहे का ते विचारा. स्वस्तातल्या पुष्कळ स्मार्टवॉचच्या खोक्यावर जीपीएस छापलेलं असतं, पण तो फोनचा जीपीएस असतो. फोन घरी ठेवलात की अंतर पावलांवरून अंदाजाने. अशा घड्याळावर पैसे घालवू नका. दुसरं, बाहेरचा पट्टा जोडता येतो का. गार्मिन, कोरोस, पोलार यांच्या रनिंगच्या घड्याळांना जोडता येतो, फॅशनच्या कित्येक घड्याळांना येत नाही. मी असते तर गार्मिन फोररनर ५५ सारखं साधं घड्याळ आणि एक पट्टा घेतला असता. महागडं घड्याळ पट्ट्याशिवाय घेतलं नसतं.

ड्युअल बँडसाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात. उपग्रहाकडून एल१ बरोबर एल५ हा दुसरा सिग्नलही घेतला की उंच इमारती आणि दऱ्यांमध्ये नकाशावरची आपल्या वाटेची रेघ सरळ येते. आपल्याकडे येळ्ळूर रोड, काँग्रेस रोड, रेसकोर्स इथे आकाश पुष्कळ मोकळं आहे, त्याची गरज पडत नाही. कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या मोठ्या झाडांखाली रेघ थोडी हलते, चालतं. जांबोटी-चोर्लाच्या जंगलात पळत असाल तर मात्र कोरोस पेस ३ बघा, त्यात ते आहे. चढाचे आकडे हवे असतील तर हवेच्या दाबावर उंची मोजणारा सेन्सर हवा. तो पेस ३ मध्ये आहे, फोररनर ५५ मध्ये नाही. पावसाळ्यात त्याच्या भोकात पाणी आणि घाण बसते, घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा.

शर्यतीत घड्याळाने हाफ मॅरेथॉनच्या २१.१ किलोमीटरऐवजी २१.३ दाखवलं म्हणून आयोजकांशी भांडू नका. प्रमाणित मार्ग सायकलला चाकाचे फेरे मोजणारा काउंटर लावून सगळ्यात जवळच्या रेषेने मोजतात, वर किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. आपण वळणावर बाहेरून पळतो, शिवाय जीपीएस थोडा डगमगतो. यावरही सरांनी एकदा आयोजकांना धारेवर धरलं होतं.

ॲपमध्ये घराजवळचा भाग लपवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा, बायकांनी तर नक्कीच. आणि कॅम्पात पळत असाल तर नकाशा सगळ्यांना दिसेल असा ठेवू नका. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या ॲपच्या हीटमॅपवरून, म्हणजे लोक कुठे पळतात त्याच्या जाहीर नकाशावरून, परदेशातले लष्करी तळ उघडे पडले होते, आणि आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर शेजारीच आहे.

थोडं राहिलं. नव्या घड्याळांचे सेन्सर बरेच सुधारलेत, उन्हाळ्यात एका लयीत पळताना काहींचे आकडे पट्ट्याच्या अगदी जवळ येतात. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधलं तर आणखी फरक पडतो. पट्टाही कोरडा लावला तर पहिली काही मिनिटं वेडेवाकडे आकडे देतो, आतली बाजू ओली करून लावा. तो काचत असेल तर दंडावर बांधायचा सेन्सर मिळतो, तोही प्रकाशावरच चालतो पण मनगटापेक्षा बरा. मी डॉक्टर नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा, आकडा काहीही असो.

आणि तुमच्या ग्रुपातल्या त्या गृहस्थांना एवढं विचारा, की त्यांनी डिसेंबरच्या पहाटे पट्टा आणि घड्याळ दोन्ही एकदम लावून कधी पाहिलंय का.