काचेवरची अंडी पांढरी का पडतात?

प्रश्न (नेरूळ) : ताई, आमच्या दोन फुटी टँकमध्ये पाच ब्रॉन्झ कोरिडोरस (तळाशी फिरणारे मिशीवाले मासे), एक एंजल मासा आणि थोडे गप्पी आहेत. पहिला जोरदार पाऊस झाला त्या रात्री काचेवर बारीक साबुदाण्यासारखी पंचवीसेक अंडी दिसली. सकाळी निम्मी गायब होती, उरलेली संध्याकाळपर्यंत पांढरी पडली आणि मग त्यांना कापसासारखी बुरशी आली. हे तिसऱ्यांदा घडलंय. चुकतंय कुठे?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला आधी आनंद झाला. टँकमध्ये तुमचे कोरिडोरस सुखात आहेत, नाहीतर त्यांनी अंडी घातलीच नसती. पाऊस आणि अंडी यांचा संबंध तुम्ही अचूक हेरलात. हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. पावसाचं गार पाणी ओढ्या-नाल्यांत उतरलं की तिकडे त्यांचा विणीचा काळ सुरू होतो. आपल्याकडे जूनमध्ये हवेचा दाब उतरतो, नळाचं पाणी गार होतं आणि त्यांना तोच इशारा मिळतो.

गायब झालेली अंडी एंजलने खाल्ली असणार, काही खुद्द आईबापांनीही. पांढरी पडलेली फळलेली नव्हती. अशा अंड्यावर बुरशी धरते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांवरही पसरते. म्हणून नर किती आहेत ते आधी बघा. टँकच्या बरोबर वर उभं राहून पाहिलं की कळतं : मादी मोठी, कल्ल्यांमागे रुंद, नर लहान आणि सडपातळ. एका मादीमागे दोन नर असले तर बरं. नर वर्षाच्या आतले असतील तर आणखी थोडं थांबा.

एकदा रात्री दिवा मंद करून त्यांची वीण बघाच. मादी नराच्या पोटाशी तोंड लावून थबकते, दोघांचा मिळून इंग्रजी टी होतो. त्याच वेळी ती पोटाखालचे दोन पर जुळवते आणि त्या ओंजळीत दोन-चार अंडी सोडते. ब्रॉन्झची मादी नराचं वीर्य तोंडाने गिळते, ते तिच्या आतड्यातून झरझर पुढे जाऊन थेट त्या ओंजळीत उतरतं. जपानी संशोधकांनी हे १९९५ मध्ये दाखवून दिलं. मग ती ओंजळ न सोडता काचेवर जागा शोधत फिरते, तोंडाने जागा चाटूनपुसून घेते आणि पोट टेकवून अंडी चिकटवते. मी नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या होत्या.

आता अंडी वाचवायची कशी? घातल्यावर तास-दोन तास थांबा, तेवढ्यात ती टणक होतात. मग बोटाने हलकेच लोळवून काढा किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सरकवा. आइस्क्रीमच्या मोठ्या डब्यात त्याच टँकचं पाणी घ्या, नवं पाणी नको. पाणी जेमतेम निळसर दिसेल एवढंच मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) घाला आणि अंड्यांवरून पाणी सावकाश फिरत राहील असा एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. डबा उजेडापासून दूर ठेवा. पांढरं पडलेलं प्रत्येक अंडं सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने उचलून टाका, यात आळस नको. तीन ते पाच दिवसांत पिल्लं फुटतात.

पहिले दोन दिवस पोटाखालच्या पिवळ्या थैलीवर त्यांचं भागतं, खायला घालू नका. त्यानंतर नुकते फुटलेले आर्टेमिया (कोळंबीसारखे अगदी बारीक जीव) किंवा मायक्रोवर्म म्हणजे बारीक किडे. मायक्रोवर्म शिजवलेल्या ओट्सवर घरीच वाढतात. इथे बहुतेकांची पिल्लं जातात आणि दोष खाण्यावर ढकलला जातो. खरं कारण डब्याच्या तळाचा घाण थर. पिल्लं दिवसभर त्या थरावर पोट टेकून असतात. मी एअर पंपाच्या बारीक नळीने रोज तळ ओढून घेते आणि तेवढंच पाणी मोठ्या टँकमधून परत भरते.

अंडी पुन्हा हवी असतील तर आठवडाभर ब्लडवर्म (माशांना घालायच्या लाल अळ्या) चांगले खाऊ घाला. मग संध्याकाळी एक तृतीयांश पाणी बदला, नवं पाणी तीन-चार अंशांनी गार असू द्या. क्लोरीन मारायला हायपो विसरू नका. हे मे महिन्यात मात्र करू नका. त्या दिवसांत ठाण्यात माझ्या टँकचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. पाण्यावर पंखा लावून पाहिला, पण आपल्या दमट हवेत बाष्पीभवन मंद, त्यामुळे जेमतेम अंश-दीड अंशाचा फरक पडतो. अशाच एका मेमध्ये माझे चारही पेपर्ड कोरिडोरस गेले. त्या जातीला १८ ते २३ अंशांचं पाणी मानवतं आणि मी ते विकत घेण्याआधी विचारलं नव्हतं. आपल्या हवेला स्टरबाय जातीचा कोरिडोरस चांगला, २८ अंशांपर्यंत मजेत राहतो.

प्रश्न (कळवा) : कोरिडोरस घेताना दुकानदार म्हणाला, 'हा मासा तळ साफ ठेवतो, वेगळं खाणं लागत नाही.' तीन आणले, त्यातले दोन महिन्याभरात मेले. उरलेल्याच्या मिशा झिजल्या आहेत. तो सारखा वर जाऊन हवा घेतो, हा आजार आहे का?

उत्तर : हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकते आहे आणि दर वेळी मला तितकंच वाईट वाटतं. कोरिडोरस म्हणजे झाडू नव्हे. वरच्या माशांचं उरलेलं तळाशी पोचेपर्यंत काही शिल्लक नसतं, आणि विष्ठा तो खात नाही. तुमचे दोन उपाशी राहिले असण्याचीच शक्यता जास्त. बुडणाऱ्या गोळ्या आणा आणि रात्री दिवा घालवल्यावर टाका, त्या वेळी इतर मासे मागे लागत नाहीत.

मिशा झिजतात त्या टोकदार खड्यांनी आणि खड्यांत साचलेल्या घाणीने. रंगीत खडे काढून दोन-अडीच सेंटिमीटर बारीक, गोल कणांची वाळू घाला. बांधकामावरची क्रश सँड नको, तिचे कण धारदार असतात. समुद्राची वाळूही नको. बादलीत पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा. तळ स्वच्छ राहिला आणि मिशा मुळापासून गेल्या नसतील तर त्या पुन्हा वाढतात. वाळू घातल्यावर तो डोळ्यांपर्यंत तोंड खुपसून कल्ल्यांतून वाळू उडवताना दिसेल. त्याची खरी चाल ती.

अधूनमधून वर झेपावून हवेचा घोट घेणं हा आजार नाही. ती हवा तो गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू शोषतो. म्हणून पाणी आणि झाकण यांत चार बोटं जागा ठेवा. तुमचा मात्र सारखा जातोय, म्हणजे पाण्यात प्राणवायू कमी पडतोय. आजच अर्धं पाणी बदला, एअर पंप चालू ठेवा.

एकटा ठेवू नका, त्याच जातीचे निदान सहा करा. आणि ते जाळीने पकडू नका. परांचे काटे जाळीत अडकतात. माझ्या एका माशाचा काटा असा रुतला की नखं कापायच्या कात्रीने जाळीचा एकेक धागा कापावा लागला. तो तोंड उघडमीट करत होता आणि माझे हात कापत होते. तेव्हापासून मी पारदर्शक डबाच पुढे धरते.

प्रश्न (ठाणे पश्चिम) : आमचा सकर (काचेला तोंडाने चिकटून शेवाळ खाणारा मासा) फूटभर झालाय. मासुंदा तलावात सोडला तर चालेल का?

उत्तर : नाही, कृपया सोडू नका, तलावात नाही आणि खाडीतही नाही. हाही दक्षिण अमेरिकेतलाच, दीड फुटापर्यंत वाढतो. काठाच्या मातीत बिळं करतो, काट्यांनी जाळी फाडतो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत त्याने मासेमारांना जेरीस आणलंय. दुकानदाराला परत द्या किंवा पाच-सहा फुटी टँकवाला शोधा.

शेवाळ खाणारा मासा हवाच असेल तर ब्रिसलनोज आणा. चार-पाच इंचांवर थांबतो. नराच्या थोबाडावर फांद्यांसारख्या मिशा असतात आणि अंड्यांची राखण तोच करतो, बिळात बसून परांनी वारा घालतो. त्यासाठी अर्धी करवंटी पुरते. कडेला दोन बोटं जाईल एवढी खाच पाडा आणि तपकिरी रंग उतरायचा थांबेपर्यंत पाणी बदलत उकळा. मग वाळूवर पालथी घाला, खाच काचेच्या बाजूला ठेवा, म्हणजे तुम्हाला आत दिसेल.