गाय आठव्या महिन्यात गाभडली, पण ब्रुसेलाची चाचणी निगेटिव्ह आली. मग गोठा सुरक्षित समजायचा का?

तुम्ही लिहिलंय की गाय आठव्या महिन्यात गाभडली, वार अडकली, चौथ्या दिवशी रक्त दिलं आणि रोझ बेंगाल चाचणी (ब्रुसेला या गाभडवणाऱ्या जंतूसाठीची रक्तचाचणी) निगेटिव्ह आली. शिवाय बाकीच्या गाभण गाईंना लस टोचून घेऊ का, असंही विचारलंय. गोठा इतक्यात सुरक्षित धरू नका, आणि गाभण गाईंना लस तर मुळीच नको.

रोझ बेंगालमध्ये जंतू दिसत नाही, जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दिसतात. पांढऱ्या टाइलवर ३० मायक्रोलिटर सीरम (रक्त गोठल्यावर वर येणारं पाणी) आणि तेवढंच गुलाबी अँटिजेन (मारलेल्या ब्रुसेला जंतूंचा रंगवलेला द्राव) मिसळून ४ मिनिटं हलवतात. गुठळ्यांसारखे कण दिसले तर पॉझिटिव्ह. काही गाईंत ही प्रतिपिंडं गाभडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी वर येतात. त्यामुळे चौथ्या दिवसाच्या निगेटिव्हवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. उलट, पॉझिटिव्ह आलं तर एलायझा ही दुसरी रक्तचाचणी करून खात्री करा, कारण येर्सिनिया नावाच्या जंतूच्या एका प्रकारामुळेही ही चाचणी फसते. गाईला लहानपणी लस दिली असेल तर प्रयोगशाळेला तसं आधीच कळवा.

रक्ताचे नमुने अनेकदा वाटेतच बिघडतात. साध्या, लाल टोपणाच्या नळीत ५ ते १० मिली रक्त घेऊन नळी तिरकी ठेवायची, न हलवता गोठू द्यायची, मग वरचं पिवळसर सीरम वेगळं काढून बर्फात पाठवायचं. न गोठलेलं रक्त थेट फ्रीझरमध्ये टाकलं की लाल पेशी फुटतात आणि असं लालभडक सीरम तपासणीच्या कामाचं राहत नाही.

खरा पुरावा म्हणजे जंतू सापडणं. त्यासाठी सगळ्यात चांगला नमुना गर्भाच्या जठरातलं पाणी. ते डॉक्टरांनी निर्जंतुक सिरिंजने काढायचं असतं. सोबत गर्भाचं फुप्फुस, प्लीहा आणि वारेवरच्या बटणासारख्या गाठी. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं की जंतू मेलेच, म्हणून फक्त बर्फ. गर्भ पुरून टाकला असेल तर योनीमार्गाचा स्वॅब आणि चारही सडांचं दूध द्या: पहिल्या धारा टाकून प्रत्येक सडातून १० ते २० मिली. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे. नमुने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवलेले बरे. त्याच नमुन्यांत लेप्टोस्पायरा (आणखी एक जंतू) आणि आयबीआर (गाईंचा एक विषाणूजन्य रोग) हेही तपासायला सांगा, कारण गाभडण्यामागे तेही असू शकतात.

निकाल येईपर्यंत ही गाय ब्रुसेलाचीच आहे असं धरून वागा. तिला वेगळं बांधा. गाभडल्यावर काही आठवडे तिच्या स्रावातून जंतू पडत राहतात, आणि बाकीच्या गाई तिथलाच चारा खातात. जागेवरचं शेण-माती आधी पूर्ण खरवडून काढा, मगच जंतुनाशक मारा; शेणावर ओतलेलं हायपोक्लोराइट शेणातच वाया जातं. तिला बाजारात नेऊ नका, बैलही दाखवू नका. अँटिबायोटिकच्या कोर्सने हा रोग बरा होईल ही आशा सोडा: जंतू पेशींच्या आत दडून बसतो आणि गाय वाहक राहते.

आता लस. एस १९ ही ब्रुसेलाविरुद्धची, जिवंत जंतूंची लस. अमेरिकेत १९२३ साली जॉन बक यांनी एका जर्सी गाईच्या दुधातून वेगळा केलेला हा जंतू प्रयोगशाळेत तसाच पडून राहिला आणि आपोआप सौम्य झाला. (संशोधनात असंही होतं!) पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. गाभण गाईला दिली तर त्या लसीनेच गाय गाभडू शकते. म्हणून ती फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना, आयुष्यात एकदाच, कातडीखाली देतात. गोऱ्ह्यांना देत नाहीत, कारण वृषण सुजतात. सरकारी कार्यक्रमात कालवडींना ती मोफत मिळते. टोचताना सुई माणसाला लागली तर माणसालाही ब्रुसेलोसिस (ब्रुसेलामुळे होणारा रोग) होऊ शकतो; जनावर नीट बांधल्याशिवाय डॉक्टरांना घाई करायला लावू नका.

वार हाताने ओढायची नाहीच; गर्भ, वार, स्राव यांना हातमोजे आणि मास्क घालूनच हात लावा, गरोदर बाईने तर गोठ्याकडे फिरकूच नये. दूध उकळूनच घ्या. घरात कुणाला पुढच्या काही आठवड्यांत येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, सांधे-कंबर धरणं असं झालं, तर डॉक्टरांना गाय गाभडल्याचं स्वतःहून सांगा. नाहीतर टायफॉइड, मलेरियाच्याच तपासण्या होत राहतात.