हाफ हजेरी, ती पण फक्त बायांचीच?

वणी तालुक्यातून एका ताईनं विचारलंय. जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायचा कारखाना) ठेकेदाराकडून कवडी, म्हणजे कापसातला खराब कापूस, वेचायला जातात, सकाळी आठला हजेरी, पण कापसाच्या गाड्या कमी आल्या की मुकादम एक वाजताच म्हणतो "जा वं बायाहो, उद्या या" आणि वहीत हाफ मांडतो. त्याच कवडीवर बसलेली दोन पोरं मात्र संध्याकाळपर्यंत थांबतात अन् त्यांचा रोजही जास्त. आम्ही थांबायला तयार असतो, मग पूर्ण रोज मागता येतो का?

येतो ताई. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता 2019 लागू झाली, तिचं कलम 10 बघा. रोजंदारीवर कामाला घेतलं आणि मालकानंच काम दिलं नाही म्हणून दिवस अर्धा राहिला, तर मजुरी पूर्ण दिवसाची. हे 1948 च्या किमान वेतन कायद्यातही होतंच, मुकादमाला कोणी सांगितलं नाही एवढंच. आणि दुपारी एक वाजता सोडलेल्या बाईला त्या टायमाला निंदणाला तरी कोण घेते?

मुख्य अट ही, तुम्ही स्वतःहून गेलेल्या नको, आणि ठेकेदार खेळतो तो इथंच. "बायांनाच लवकर जायचं असते, सैपाक असतो, लेकरं असतात" हे ऐकून ऐकून माझे कान किटले. म्हणून त्याच दिवशी मुकादमाला व्हॉट्सअ‍ॅप टाका, "मी थांबायला तयार होती, तुम्ही एक वाजता पाठवलं", आणि घरच्या कॅलेंडरवर येण्याजाण्याचा टाइम लिहा. ज्या दिवशी बोलावलंच नाही त्याचा रोज मात्र या कलमात बसत नाही, ते यात मिसळू नका.

रोजाच्या फरकासाठी त्याच संहितेचं कलम 3, सारख्या कामाला बाई-माणूस बघून कमीजास्त रोज देता येत नाही. गाठी बांधणाऱ्या प्रेसवाल्यांशी तुलना कराल तर "काम वेगळं" म्हणून अडवतील, कवडीवरच्या पोरांशीच करा. आणि बरोबरी करायला त्या पोरांचा रोज कमी करता येत नाही, हे पण त्यांना सांगून ठेवा, नाहीतर तेच तुमच्यावर डाफरतील.

अर्ज जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात. संहितेखालच्या दाव्याला 3 वर्षांची मुदत आहे, पैसे दिले हे मालकानं सिद्ध करायचं, आणि ठेकेदारानं हात वर केले तर जिनिंगवाला जबाबदार. वकिलाची फी नाही लागत, तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून बायांना कमाई न बघता फुकट वकील मिळतो, फोन 15100. फक्त चारपाच जणी मिळून जा, एकटीला उद्यापासून बोलावणंच बंद होते, पाहिलंय मी. आणि पगाराच्या दिवशी कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका, आधी वहीचा फोटो काढा.