पिंजऱ्यातला पैसा: एमएमएच्या धंद्यावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मिक्स्ड मार्शल आर्ट्सबद्दल (एमएमए, म्हणजे पिंजऱ्यात ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी झुंज) प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं. वाटलं होतं डावपेचांवर येतील, पण बहुतेक सगळे पैशावरच आले. बरंच झालं, कारण या खेळाची खरी गोष्ट तिथेच आहे.

प्रश्न: यूएफसी, म्हणजे एमएमएची सगळ्यात मोठी कंपनी, आधी 20 लाख डॉलरला विकली गेली आणि नंतर 4 अब्जांना, हे खरं आहे का? मधे असं घडलं तरी काय?

हो, खरं आहे. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. पहिली स्पर्धा 12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हरमधे झाली, आठ जण, एकाच रात्रीत नॉकआउट, जिंकेल त्याला 50 हजार डॉलर. पहिल्याच फाईटमधे जेरार्ड गोर्डोने टेइला टुली या सुमो पैलवानाच्या तोंडावर लाथ घातली, टुलीचा दात उडून पिंजऱ्याबाहेर गेला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत फाईट खल्लास. चावायचं नाही, डोळ्यात बोटं घालायची नाहीत, एवढेच काय ते नियम, वजनगट वगैरे काही नाही. लोकांनी पैसे भरून बघितलं कारण असलं काही कोणी बघितलंच नव्हतं, पण असल्या दृश्यांनीच पुढे धंद्याचं नाक दाबलं. सिनेटर जॉन मॅकेन यांनी याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं, राज्यं बंदी घालायला लागली, आणि मग केबल कंपन्यांनी पे-पर-व्ह्यूवरून, म्हणजे एकेका शोचे वेगळे पैसे भरून बघायच्या सोयीवरून, काढूनच टाकलं. सगळी कमाई त्याच एका नळातून येत होती, तो बंद झाल्यावर राहिलं काय?

जुन्या मालकांनी ग्लोव्हज, वजनगट, नियम आणायला सुरुवात केली होती, न्यू जर्सीच्या कमिशनने, म्हणजे लढतींना परवाना देणाऱ्या सरकारी संस्थेने, त्यातून एकत्रित नियमावलीही बनवली, पण तोवर त्यांची गंगाजळी आटली होती. जानेवारी 2001 मधे कसिनोवाल्या घरातले फर्टिटा बंधू आणि त्यांचा मित्र डेना व्हाइट यांनी 20 लाख डॉलरला कंपनी घेतली. यात लॉरेन्झो फर्टिटा स्वतः आधी नेवाडाच्या अ‍ॅथलेटिक कमिशनवर होता, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण परवाना देणारी माणसं कसा विचार करतात हे त्याला आतून माहीत होतं. आपल्यावर कोणी लक्ष ठेवू नये असं धडपडणारे प्रमोटर खूप असतात, या लोकांनी उलट केलं, या आणि आमच्यावर नियम लावा म्हणून स्वतःच कमिशनच्या दारात गेले. त्याच वर्षी लास वेगासचा दरवाजा उघडला.

तरी पैसा येईना. पुढची तीन-चार वर्षं 3 कोटी डॉलरहून जास्त बुडाले, विकून टाकायचा विचारही झाला. मग त्यांनी रिअ‍ॅलिटी शो काढला, 'द अल्टिमेट फायटर', आणि चॅनल पैसे लावायला तयार नाही म्हटल्यावर बनवायचा खर्च स्वतःच्या खिशातून केला. 9 एप्रिल 2005 ला त्याची फायनल झाली, फॉरेस्ट ग्रिफिन विरुद्ध स्टीफन बॉनर. ती फाईट आजही लावून बघा, टेक्निकच्या दृष्टीने फार देखणी नाहीये, गार्ड खाली येतो, पाय जड होतात, पण तीन राउंड दोघंही मागे हटायचं नावच घेत नाहीत आणि बघणाऱ्याला चॅनल बदलता येत नाही. ग्रिफिन जिंकला, पण कॉन्ट्रॅक्ट दोघांनाही दिलं. मुख्य म्हणजे हे फुकट टीव्हीवर होतं, म्हणजे ज्याने कधी पे-पर-व्ह्यूला एक पैसा दिला नसता त्यालाही आठवड्यामागून आठवडे हे फायटर घरातले वाटायला लागले होते. 2006 संपता संपता एकेका शोची पे-पर-व्ह्यू विक्री 10 लाखांवर गेली, 2011 मधे फॉक्स टीव्हीचा करार, आणि 2016 मधे डब्ल्यूएमई-आयएमजी या मनोरंजन कंपनीने साधारण 4 अब्ज डॉलर मोजले. आता डब्ल्यूडब्ल्यूई आणि यूएफसी दोन्ही टीकेओ नावाच्या एकाच कंपनीत आहेत, 2023 पासून.

प्रश्न: रेफरी आणि जज लीगच्या पगारावर असतात का?

अमेरिकेत नाही. राज्याचं अ‍ॅथलेटिक कमिशन त्यांना नेमतं, मेडिकल आणि वजनावरही त्यांचीच नजर असते. टीव्ही आणि स्पॉन्सर यांचा विश्वास बसायला हे फार उपयोगी पडलं.

प्रश्न: बाकी खेळांसारखी सीझन, पॉइंट टेबल, टीम अशी लीग एमएमएमधे का चालत नाही?

चालवून बघितलीये. इंटरनॅशनल फाईट लीगने 2006 मधे टीमच बनवल्या, नावाजलेले कोच दिले, टीव्हीवरही आली, 2008 मधे दिवाळखोरी. अडचण अशी की प्रेक्षकाचा जीव टीमवर जडत नाही, माणसावर जडतो, आणि तो माणूस वर्षातून दोन-तीनदाच दिसतो, त्यात गुडघा किंवा हात गेला की वर्षभर गायब.

प्रोफेशनल फायटर्स लीग, म्हणजे पीएफएल, यांनी टीम सोडल्या पण सीझन धरला. 2018 ला सुरुवात, सहा वजनगट, प्रत्येक गटाच्या चॅम्पियनला 10 लाख डॉलर. जिंकलं की 3 पॉइंट, पहिल्या राउंडमधे संपवलं तर वर आणखी 3, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 1. मला ही आयडिया मनापासून आवडली होती आणि अजून आवडते, कारण इथे पुढची संधी कोणाला मिळणार हे प्रमोटरच्या मनावर नाही तर टेबलवर ठरतं, शिवाय शेवटच्या फाईटला कोणाला किती पॉइंट हवेत हे आकडे मांडून बघण्यात वेगळीच मजा असते. पण धंद्याच्या बाजूने बघा. एका वर्षात चार-चार फाईट म्हणजे जखमा आल्याच, मग बदली खेळाडू आले, आणि कोण कुठल्या गटात आहे हे साध्या प्रेक्षकाला लक्षात राहीना. दुसरं म्हणजे तुम्ही स्टार घडवता आणि तो निघून जातो. कायला हॅरिसन, ज्यूडोची दोन ऑलिंपिक गोल्ड, पीएफएलची दोनदा चॅम्पियन, 2024 मधे यूएफसीत गेली आणि 2025 मधे तिथलाही बेल्ट घेऊन बसली.

पीएफएल हातावर हात ठेवून बसली नाही, 2023 मधे सौदीचे पैसे आले, यूएफसीचा माजी हेवीवेट चॅम्पियन फ्रान्सिस एन्गानूला घेतलं, त्याच वर्षी बेलाटॉर ही दुसरी एमएमए कंपनी विकत घेतली, युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका अशा वेगळ्या शाखा काढल्या. पण 2025 ला पॉइंट टेबल गेलं, सरळ नॉकआउट आलं, आणि बक्षीस 5 लाखांवर उतरलं. माझं मत विचाराल तर बेलाटॉर घेण्यापेक्षा तो पैसा फुकट दिसणाऱ्या शोवर आणि पाच-सहा चेहऱ्यांवर लावायला हवा होता. फायटर भरपूर होतेच, त्यांना ओळखणारा माणूस नव्हता.

प्रश्न: पे-पर-व्ह्यू संपलं असं वाचलं. मग एवढी कमाई सोडली कशी?

अमेरिकेपुरतं संपलं, 2026 पासून पॅरामाउंट या टीव्ही-स्ट्रीमिंग कंपनीबरोबर 7 वर्षांचा 7.7 अब्ज डॉलरचा करार आहे, मोठे शोसुद्धा साध्या सबस्क्रिप्शनमधे. खबीब आणि मॅकग्रेगर या दोन बड्या स्टारची फाईट 2018 मधे 24 लाख ठिकाणी विकली गेली होती, पण तसे दोघं समोरासमोर दरवर्षी येत नाहीत. मेन इव्हेंटवाला फाईट वीकमधे जखमी झाला की पे-पर-व्ह्यूचा आकडा कोसळतो, करारातला हप्ता मात्र येतोच. मालकाला झोप कुठे जास्त लागेल ते बघा ना! शिवाय नवीन प्रेक्षकाला दारातच जादा पैसे मागितले जात नाहीत, आणि 2005 च्या त्या फुकट फायनलने नेमकं तेच शिकवलं होतं.

प्रश्न: यात फायटरला किती मिळतं? माझा धाकटा भाऊ एमएमए शिकतोय, घरी सगळे काळजीत आहेत.

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला. यूएफसीचं 2024 चं उत्पन्न 1.4 अब्ज डॉलरच्या घरात होतं. बास्केटबॉलच्या एनबीएमधे खेळाडूंना उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा मिळतो, इथे कोर्टात पुढे आलेले आकडे 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीच होते.

नव्या फायटरचं कॉन्ट्रॅक्ट बरीच वर्षं '10 आणि 10' असायचं, म्हणजे पिंजऱ्यात उतरायचे 10 हजार डॉलर आणि जिंकलात तर आणखी 10. समजा हरला. 10 हजारांतून मॅनेजरचा वाटा, कोच, जिम, दोन महिन्यांचा कॅम्प, स्पारिंग पार्टनर, टॅक्स, आणि पुढची फाईट कधी ते माहीत नाही. जजच्या एका स्कोअरकार्डवर निम्मी कमाई जाते, ती पण ज्या रात्री दोघांनी सारखाच मार खाल्लाय त्या रात्री. मला हे अजिबात पटत नाही.

अमेरिकेत बॉक्सिंगला 2000 चा मुहम्मद अली कायदा आहे, त्यात प्रमोटरला त्या फाईटमधून आपण किती घेतोय ते बॉक्सरला सांगावं लागतं. एमएमएला तो लागू नाही. फायटरांनी 2014 मधे मक्तेदारीविरोधी खटला भरला, 33.5 कोटी डॉलरची तडजोड न्यायाधीशांनी नामंजूर केली, मग 37.5 कोटींची 2025 मधे मंजूर झाली, 2010 ते 2017 दरम्यान लढलेल्या हजारावर फायटरांसाठी. 2017 नंतरच्यांचा दुसरा खटला वेगळा आहे.

भावाला थांबवू नका. पण शिक्षण किंवा दुसरं उत्पन्न सोडू देऊ नका, आणि जेव्हा कधी कॉन्ट्रॅक्ट समोर येईल तेव्हा आकडा नंतर बघा, आधी किती फाईट बांधून घेतायत, चॅम्पियन झाला तर कॉन्ट्रॅक्ट आपोआप वाढतं का, आणि दुखापतीचा खर्च कोण करणार, हे वकिलाला वाचायला लावा. सही त्यानंतर.