चिकित्सक म्हणजे किरकिरा नव्हे

प्रश्न असा आला आहे: 'साध्यासाध्या गोष्टींतही "हे असंच का? हे न्यायाचं आहे का?" असं विचारत बसणाऱ्याला घरचे "फार चिकित्सक" म्हणतात. चिकित्सक म्हणजे वैद्य ना? मग इथे चिंतनशील म्हणावं का?'

सदरा निवडताना अख्खं दुकान उपसायला लावणाऱ्यालाही हल्ली चिकित्सक म्हणतात. तो चोखंदळ. उगाच खोड काढतो तो किरकिरा. शब्द आहेत, वापरा की! वैद्य हा अर्थ कुठल्याही कोशात मिळेल, त्यावर वेळ घालवत नाही.

'चिकित्सा म्हणजे बरं करण्याची इच्छा' ही व्युत्पत्ती मात्र भलेभले ठोकून देतात. सन् हा धातूला लागणारा, बहुधा इच्छा दाखवणारा प्रत्यय; तो दिसला की लावली इच्छा! पाणिनीने 'गुप्तिज्किद्भ्यः सन्' (३.१.५) या सूत्रात इच्छेचं नावही काढलेलं नाही. इच्छेचा सन् ३.१.७ मध्ये येतो, जिज्ञासा तिथली. जुगुप्सा, म्हणजे किळस, ३.१.५ मधलीच; गुप् म्हणजे राखणं, म्हणून ती काय 'राखण्याची इच्छा' आहे?

धातुपाठाशीही, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीशीही, माझं भांडण आहेच. तिथे कित् हा रोग घालवण्याच्या अर्थाचा स्वतंत्र धातू मानलाय. मला तो चित् म्हणजे 'ध्यानात येणे', याचाच जुना चेहरा वाटतो. चिकित्सा म्हणजे मुळात निरखून पाहणं. वैद्य नाडी निरखतो, तुमचा माणूस न्याय-अन्याय निरखतो.

आणि आता खरी गंमत. ऋग्वेदात अग्नी म्हणतो, 'एतमर्थं न चिकेताहम्' (१०.५१.४), ही गोष्ट मला उमगली नाही. न चिकेत! चिकेत हे त्याच चित्‌चं रूप. कठोपनिषदातला नचिकेत माझ्या मते हाच, 'उमगलं नाही' हेच ज्याचं नाव. कोणी याला लोकव्युत्पत्ती, म्हणजे नुसत्या उच्चारसाम्यावरून जुळवलेली व्युत्पत्ती, म्हणोत बापडे. बाप यज्ञात मोडक्या गाई दान देतोय, ज्यांचं पाणी पिऊन झालं, गवत खाऊन झालं. पोरगं ते पाहतं आणि विचारतं, 'मला कोणाला देणार?' बाप गप्प. पुन्हा विचारतं, तिसऱ्यांदा विचारतं, तेव्हा बाप चिडून म्हणतो, 'मृत्यूला देतो तुला!' घरच्यांचं वैतागणं हे असं जुनं आहे. पुढे यमाला तो विचारतो, मेल्यावर माणूस उरतो की नाही? या शंकेला तिथे शब्द कोणता? विचिकित्सा! तोच धातू. यमही कबूल करतो, पूर्वी देवांनाही इथे विचिकित्सा पडली होती. बौद्धांनी मात्र तिला पाच नीवरणांत, म्हणजे मनाच्या अडथळ्यांत, बसवलं. तो वेगळाच वाद.

हां, चिंतनशील. चालेल, चिन्त् हा चित्‌चाच भाऊबंद. पण चिंतन गप्प बसूनही होतं. नचिकेताने तीनदा तोंड उघडलं होतं.