पगार अर्धा आला, त्या महिन्याचा हिशेब

सरकारच्या तिजोरीत खडखडाट असल्याच्या बातम्या सुरू झाल्या की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. ‘मॅडम, पगारालाच कात्री लागली तर आमचं कसं व्हायचं?’ विचारणारे बहुतेक सरकारी किंवा निमसरकारी नोकरीतले असतात. खासगी नोकरीतल्या माणसाने नोकरी जाण्याची शक्यता कुठेतरी मनात धरलेली असते. सरकारी नोकराचं घर, मुलीचं शिक्षण, आईवडिलांचं औषधपाणी हे सगळं महिनाअखेरीच्या त्या एका जमेवर आखलेलं असतं. ती जमा डळमळली की पैशाइतकाच विश्वासालाही धक्का बसतो.

2020 सालचा, माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

31 मार्च 2020 रोजी तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी वेतनाबाबतचा निर्णय जाहीर केला. लोकप्रतिनिधींसाठी 60 टक्के, ‘अ’ आणि ‘ब’ वर्गासाठी 50 टक्के, ‘क’ वर्गासाठी 25 टक्के वेतन थांबणार असे आकडे आले. ‘ड’ वर्गाला हात लावला नव्हता. आधी ती कपात समजली गेली. मग खुलासा झाला की मार्चचं वेतन दोन टप्प्यांत मिळेल. पण मधल्या काही तासांत कित्येक घरांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

हे गृहस्थ ‘ब’ वर्गातले अधिकारी. लॉकडाऊनमुळे आमचं बोलणं फोनवरच चालायचं. ते गच्चीवर जाऊन बोलत, कारण घरात त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. झोप गेली होती. पहाटे तीनला उठून मोबाइलवर बेरीज-वजाबाकी करत बसायचे.

‘काय बेरीज करता?’ मी विचारलं.

‘हातात 58,000 येतात. निम्मे म्हणजे 29,000. वर्षाचे साडेतीन लाख गेले, मॅडम. मुलीचं इंजिनिअरिंग गेलं.’

‘आदेश किती महिन्यांच्या वेतनाचा आहे?’

बराच वेळ गच्चीवरच्या वाऱ्याचा आवाज येत राहिला. ‘मार्चच्या.’

‘मग बाराने कुणी गुणलं?’

‘पण एप्रिलला पण तेच झालं तर?’

‘होऊ शकतं. म्हणून आज दोन महिन्यांचा हिशेब करू. बारा महिन्यांचा नको.’

माझी कामाची पद्धत इथेच आहे, आणि इतक्या वर्षांत तिच्यावरचा माझा भरवसा वाढतच गेला आहे. माणूस घटनेने जितका कोलमडतो, त्याहून जास्त त्या घटनेला मनात जो गुणाकार लावतो त्याने कोलमडतो. ‘काळजी करू नका’ म्हणून तो गुणाकार थांबत नाही. त्याच्यासमोर खरा आकडा ठेवावा लागतो.

त्यांना एक कोरा कागद घ्यायला सांगितला आणि तीन रकाने आखायला लावले. पहिल्यात उशिरा येणारे पैसे, दुसऱ्यात कधीच न येणारे, तिसऱ्यात आज वाचल्यासारखे वाटणारे पण पुढे वाढून भरावे लागणारे.

पहिल्या रकान्यात मार्चचा उरलेला भाग गेला. तो थकीत होता, माफ झालेला नव्हता. (आंध्र प्रदेशातलं असंच लांबवलेलं वेतन पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयाने ते 6 टक्के व्याजासह द्यायला सांगितलं.) दुसऱ्या रकान्याचं उदाहरण एप्रिल 2020 मध्ये केंद्राने दिलं. जानेवारी 2020, जुलै 2020 आणि जानेवारी 2021 या तीन तारखांची महागाई भत्त्याची वाढ गोठवली. भत्ता 17 टक्क्यांवर थांबला, जुलै 2021 पासून 28 टक्के झाला आणि मधल्या 18 महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. असं नुकसान नुकसान म्हणूनच लिहायचं. ‘मिळतील कधीतरी’ म्हणून त्यावर खर्च आखला की दोनदा त्रास होतो.

तिसरा रकाना फसवा. रिझर्व्ह बँकेने मार्च ते मे 2020 चे कर्जहप्ते पुढे ढकलायची मुभा दिली आणि नंतर ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. सुटकेचा निःश्वास टाकून अनेकांनी हप्ते थांबवले. यांचं गृहकर्ज 20 लाख बाकी, दर 8 टक्के, मुदत 15 वर्षं, हप्ता 19,113 रुपये. तीन महिने काही भरलं नाही तर सुमारे 40,000 रुपये व्याज मुद्दलात चढतं. हप्ता तेवढाच ठेवला तर उरलेले 180 हप्ते 187 होतात. म्हणजे आजचे तीन टाळायचे आणि पुढे सात जास्त भरायचे. व्याजावरचं व्याज 2 कोटींपर्यंतच्या कर्जांना नंतर परत मिळालं, पण मूळ व्याज चढलेलंच राहिलं. त्यांच्या बचत खात्यात 70,000 रुपये होते. ‘हात लावायचा नाही’ म्हणून ते आकड्यातच धरले नव्हते. अशाच वेळेसाठी ते ठेवले होते, हे त्यांनीच थोड्या वेळाने कबूल केलं. त्यातून मार्चची 29,000 ची तूट भरून एप्रिलचीही भरली असती, वर 12,000 उरले असते.

हिशेब सुटला. तरी झोप येईना, आणि मला ते अपेक्षित होतं. आकड्यांच्या मागे आणखी काहीतरी असतंच.

‘कागदावरची कुठली ओळ वाचताना छातीत धस्स होतं?’

‘वडिलांचे 6,000.’

‘वडिलांनी मागितले?’

‘कधीच नाही. पण दर महिन्याला तीन तारखेला जातात. त्यांनी गावात सगळ्यांना सांगितलंय, पोरगा साहेब आहे.’

‘म्हणजे 6,000 कमी पडण्याची भीती नाही. साहेब कमी पडण्याची आहे.’

ते रडले. आमच्या कामात ज्याची वाट पाहायची असते तो हा क्षण. पगाराला आपण आपली किंमत समजलो की शासन निर्णयातली टक्केवारी थेट आपल्या अंगावर येते. दोन्ही वेगळे करायला माणसाला मदत लागते, आणि हे वेगळे होताना ऐकू येतं.

त्या रात्री त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘अहो, टीव्हीवर दिवसभर तेच चाललंय. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.’ दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन केला. वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, ‘सत्त्याहत्तरच्या संपात आम्ही 54 दिवस काढले. वाण्याला तोंडावर सांगितलं होतं, पगार नाही, वहीत लिहून ठेव. तू आधी हप्ता भर.’

आता कामाचं. पगार तुटका आला तर आधी पगारपत्रक काढा आणि भविष्य निर्वाह निधी, पतसंस्थेचा हप्ता, आयकर या वजावटी पूर्ण गेल्या की प्रमाणात, ते पाहा. वजावटी पूर्ण गेल्या असतील तर हातातली रक्कम निम्म्याहूनही कमी असते, आणि नेमकी इथेच गडबड होते. निधीची वर्गणी तात्पुरती कमी करता येईल का, परतावा अग्रिम (निधीतून घेऊन पुढे परत भरायची उचल) मिळेल का, हे लेखा शाखेत लेखी विचारा. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य शासनाच्या सेवेत लागलेल्यांपैकी बहुतेकांना तो निधी नसल्याने हा मार्ग नाही. त्यांनी हाताशी ठेवायची शिल्लक अधिक जपावी.

हप्त्याच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी खात्यात रक्कम आहे का ते बघा. हप्ता परत गेला तर दंड लागतो आणि पतनोंदही बिघडते. तारीख पुढे घ्यायची तर बँकेला आधीच लिहा. क्रेडिट कार्डची किमान रक्कम भरून बाकी ठेवू नका. तिथे व्याज वर्षाला 36 टक्क्यांच्याही वर जातं, घरकर्जाच्या कितीतरी पट. ॲपवरून मिनिटात मिळणारं कर्ज तर नकोच. पहाटे तीन वाजता घेतलेला कुठलाही आर्थिक निर्णय सकाळी दहानंतर घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय अमलात आणू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. मुलांनाही कळू द्या, पण एका वाक्यात: ‘या महिन्यात पगार उशिरा येणार आहे, म्हणून अमुक खरेदी पुढच्या महिन्यात.’

दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा ‘मी नसलेलाच बरा’ असे विचार येत असतील, तर हिशेब बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.